चालू आहे, पण राखण नाही!

दोस्तांनो, तुमच्या घरच्या किंवा शाळेतल्या संगणकावर अशी एखादी चौकट कधी उगवली आहे का? संगणक सुरू करावा, प्रकल्पाची माहिती टाइप करायला बसावं, आणि पडद्यावर एकदम इंग्रजीत सूचना यावी की, तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे. मग आपण काय करतो? चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारतो. चौकट गुडूप! संगणक पुन्हा पहिल्यासारखा सुरू. गाणी वाजतात, गेम चालतो, प्रिंटर कुरकुरत का होईना पण कागद बाहेर टाकतो. मग संपलं ते नक्की काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. दूध नासलं की वास येतो. सायकलचा टायर झिजला की डोळ्यांना दिसतं. पेनातली शाई संपली की अक्षर उमटत नाही. संगणकाचा सपोर्ट संपला तर मात्र काहीच दिसत नाही आणि काहीच ऐकू येत नाही. काल चालत होता तसाच तो आजही चालतो. म्हणूनच मोठी माणसंसुद्धा म्हणतात, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" आज आपण या न दिसणाऱ्या गोष्टीचाच छडा लावू या.

संगणकातले शिपाईकाका

आधी थोडी उजळणी. संगणकाचं यंत्र म्हणजे नुसता पत्रा, तारा आणि चिपा. तुम्ही कळफलकावर 'क' दाबलात, तर तो पडद्यावर कुठं उमटवायचा, फाइल कुठल्या कप्प्यात ठेवायची, प्रिंटरला निरोप कधी द्यायचा, हे सगळं बघणारी एक भलीमोठी आज्ञावली संगणकात असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस या ऑपरेटिंग सिस्टीमच आहेत. आईबाबांच्या फोनमधली अँड्रॉइडही त्यांचीच बहीण.

शाळेत घंटा देणारे, वर्ग उघडणारे, कोण आलं कोण गेलं यावर नजर ठेवणारे शिपाईकाका असतात ना, तसं हे काम. एखाद्या दिवशी काका आलेच नाहीत, तर शिक्षक असतात, मुलं असतात, पण शाळा काही धड सुरू होत नाही. आणि हो, सगळ्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असतात! हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ही आज्ञावली लिहितं कोण? माणसंच. आणि ती केवढी असते? कोट्यवधी ओळींची! तुमच्या दहा ओळींच्या निबंधात बाई चार चुका काढतात, तर कोट्यवधी ओळींत चुका राहणार नाहीत का? राहतातच. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. पण काही चुका म्हणजे चक्क भिंतीतली भोकं असतात. त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो आणि किल्ल्यांचा जुडगा पळवू शकतो.

असं भोक सापडलं की ती सिस्टीम बनवणारी कंपनी त्यावर ठिगळ तयार करते. इंग्रजीत त्याला 'पॅच'च म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ, अगदी तुमच्या चड्डीला लावतात तसं! इंटरनेटवरून हे ठिगळ घरोघरच्या संगणकांवर पोचतं आणि बसतं. त्यालाच आपण 'अपडेट' म्हणतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तर २००३ पासून त्याचा वारच ठरवून टाकला आहे, महिन्याचा दुसरा मंगळवार.

सपोर्ट म्हणजे मुख्यतः हेच, भोकं शोधत राहणं आणि ठिगळं पाठवत राहणं. सपोर्ट संपला म्हणजे ठिगळं यायची थांबली. संगणक चालू आहे, पण राखण करणारा घरी गेला.

ठिगळच सांगतं चोराला पत्ता

आता तुमच्यातला एखादा चलाख दोस्त विचारेल, "पण जुन्या सिस्टीममधली भोकं इतक्या वर्षांत सापडून गेली असतील की! जुनी झाली म्हणजे उलट ती जास्त पक्की नाही का झाली?"

वा! विचार चांगला आहे. पण इथंच खरी गंमत आहे. नीट ऐका.

समजा, एका बिल्डरने एकाच नकाशावरून दोन इमारती बांधल्या. एक जुनी, एक नवी. नवीत थोडे बदल केले, पण स्वयंपाकघराची खिडकी दोन्हीकडे तशीच ठेवली. काही वर्षांनी त्याने जाहीर केलं, "जुन्या इमारतीची डागडुजी आजपासून बंद. यापुढं मी फक्त नवी इमारत बघणार." एक दिवस त्याला कळलं की त्या खिडकीची कडी बाहेरून उघडता येते. लगेच गवंडी आले आणि नव्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांना गज बसले. काम चोख झालं.

पण समोरच्या टपरीवर चहा पीत एक चोर हे सगळं बघत होता! त्याला आत्तापर्यंत खिडकीची गोष्ट ठाऊकच नव्हती. आता गवंड्यांनीच त्याला ती दाखवून दिली. तो चहा संपवतो आणि सरळ जुन्या इमारतीकडे चालू लागतो. तिथं तीच खिडकी आहे, तीच कडी आहे आणि गज कधीच बसणार नाहीत.

संगणकाच्या जगात हुबेहूब हेच होतं. नवी विंडोज अगदी शून्यापासून लिहीत नाहीत. जुनीतला पुष्कळ भाग नव्या आवृत्तीत तसाच येतो. नव्या विंडोजसाठी ठिगळ आलं की हल्लेखोर ते उघडून बघतात. ठिगळ लावण्याआधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतात. जिथं बदल, तिथंच भोक! मग तेच भोक जुन्या विंडोजमध्ये आहे का ते तपासतात. असलं तर ते कायमचं उघडं. म्हणजे सपोर्ट संपल्यावर संगणक होता तिथंच थांबत नाही, तर प्रत्येक महिन्याला त्याचा धोका थोडाथोडा वाढत जातो.

एक्सपी आणि तो शुक्रवार

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. खरी घडलेली हकिगत ऐका.

विंडोज एक्सपी नावाची सिस्टीम २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असलेलं तिचं चित्र तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल, विचारून बघा! लोकांना एक्सपी फार आवडली. तिच्या मागून व्हिस्टा आली, विंडोज ७ आली, पण लोक एक्सपी सोडायला तयार होईनात. शेवटी ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला.

ज्यांना ती सोडणं जमलं नाही, त्यांत सरकारंही होती. ब्रिटनच्या सरकारने तर एक्सपी आणि तिच्या काळातल्या काही आज्ञावल्यांसाठी आणखी एका वर्षाची खास ठिगळं मिळावीत म्हणून सुमारे ५५ लाख पौंड मोजले. राखणदाराला जादा पगार देऊन थांबवून घ्यावं तसं. २०१५ मध्ये हा करार पुढं चालू ठेवला गेला नाही.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका मोठ्या भोकावर ठिगळ दिलं. हे भोक एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली पाठवण्याच्या सोयीत होतं. हे ठिगळ मिळालं ते अर्थातच सपोर्ट चालू असलेल्या विंडोजना. त्या भोकातून शिरण्याचं एक हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे होतं. ते चोरीला गेलं आणि एप्रिल महिन्यात चोरांनी ते सगळ्या जगासमोर टाकलं. आता कुणीही उचलावं आणि वापरावं!

१२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' नावाचा किडा सुटला. तो संगणकात शिरायचा, सगळ्या फाइलींना कुलूप घालायचा आणि पडद्यावर लाल चौकट दाखवायचा, ३०० डॉलर द्या, नाहीतर फाइली विसरा. मग तो शेजारचा संगणक शोधायचा. कुणी कसली लिंक दाबायची गरजच नव्हती, भोक उघडं असलं की पुरे. बघता बघता १५० हून अधिक देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने गाठले.

सगळ्यात वाईट हाल झाले ते ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे. तिथल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय संस्थांचं काम विस्कळीत झालं. नंतर झालेल्या चौकशीत अंदाज निघाला की रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पाच भागांत तर अपघात झालेल्या रुग्णांना नेहमीच्या दवाखान्याऐवजी लांबच्या दवाखान्यात न्यावं लागलं. विचार करा, हात मोडलेला एखादा मुलगा रुग्णवाहिकेत आहे, आणि दवाखान्याचं दार बंद का, तर एका ठिगळापायी!

मग तो किडा थांबला कसा? इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात मार्कस हचिन्स नावाचा २२ वर्षांचा तरुण या किड्याची चिरफाड करत बसला होता. त्याला दिसलं, की किडा कामाला लागण्याआधी एका विचित्र, लांबलचक नावाच्या संकेतस्थळाला हाक मारतो. ते स्थळ अस्तित्वातच नव्हतं. हचिन्सने ते नाव दहा-अकरा डॉलर भरून स्वतःच्या नावावर नोंदवलं. आणि काय आश्चर्य! हाकेला उत्तर मिळू लागताच किडा जागच्या जागी गप्प बसायला लागला. त्या स्थळाची नोंदणी हेच त्याचं बंद करायचं बटण निघालं!

मायक्रोसॉफ्टनेही एक वेगळी गोष्ट केली. तीन वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या एक्सपीसाठी तिने त्याच शनिवारी खास ठिगळ खुलं केलं. पण असा अपवाद नेहमी होत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि आता एक महत्त्वाची गोष्ट. त्या दिवसांत सगळे म्हणत होते, "बघा, जुन्या एक्सपीने घात केला!" चौकशीत मात्र दिसलं, की रुग्णालयांतले बहुतेक बाधित संगणक विंडोज ७ वर चालत होते. तिचा सपोर्ट तेव्हा चालू होता. ठिगळही दोन महिने आधी आलेलं होतं. ते कुणी लावलंच नव्हतं! म्हणजे राखणदार नसणं जितकं वाईट, तितकंच राखणदार दारात उभा असताना "नंतर या" म्हणणंही वाईट. तेव्हा 'रिमाइंड मी लेटर'चं बटण दाबताना जरा आठवण ठेवा.

एका दारातून सगळ्या घरात

"आमच्या संगणकात चोरण्यासारखं आहेच काय? चार गाणी आणि सहलीचे फोटो!" असंही काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी दुसरी हकिगत, आणि ही थेट आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचते.

वॉनाक्रायनंतर दीडच महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा किडा सुटला. तिथल्या एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमध्येच तो लपवला होता. तोही आपल्या ओळखीच्या त्याच भोकातून शिरायचा. शिवाय ज्या संगणकात शिरला तिथले पासवर्ड चोरायचा आणि ते वापरून शेजारच्या, ठिगळ लावलेल्या संगणकातही घुसायचा! जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क या बलाढ्य डॅनिश कंपनीचं जगभरातलं काम त्याने आडवं केलं. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालवलं जाणारं एक टर्मिनल होतं, तेही अडकलं. कुठला कंटेनर कुणाचा हे सांगणारा संगणकच मुका झाला. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

तेव्हा दोस्तांनो, तुमचा संगणक म्हणजे फक्त तुमचा संगणक नाही. घरातल्या वाय-फायवर आईचा फोन आहे, बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेत वीस-पंचवीस संगणक एकाच जाळ्यात आहेत. एका घरात डासांची पैदास झाली की ताप अख्ख्या गल्लीला येतो, तसंच हे.

मग लोक जुनं सोडत का नाहीत?

आळस हे एक कारण आहेच. पण सगळेच आळशी नसतात, हेही सांगायला हवं.

तुमच्या गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात डोकावून बघा. मराठी मजकूर जुळवण्यासाठी वर्षानुवर्षं 'पेजमेकर' नावाची आज्ञावली वापरली गेली. तिची शेवटची आवृत्ती २००१ मधली. युनिकोड रुळायच्या आधीचे मराठी फॉन्ट प्रत्येक कंपनीचे वेगळे. एका फॉन्टमधला 'श्री गणेशाय नमः' दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला तर नुसती चिन्हांची खिचडी दिसते! ज्याच्याकडे अशा शेकडो जुन्या फाइली आहेत, तो दुकानदार जुना संगणक जिवापाड जपतो. त्याला हसू नका. त्याचं पोट त्यावर आहे.

दवाखान्यातलं तपासणीचं यंत्र, कारखान्यातलं कातकामाचं यंत्र यांचंही तसंच. यंत्र लाखो रुपयांचं आणि अजून धडधाकट, पण त्याच्यासोबत आलेली आज्ञावली फक्त जुन्या विंडोजवर चालते. संगणक बदलायचा तर यंत्रच बदलावं लागतं.

आपल्याकडच्या बऱ्याच एटीएमच्या पोटातही एक्सपीच होती. शेवटी रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना वेळापत्रकच आखून दिलं. सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रं सपोर्ट असलेल्या सिस्टीमवर आणायची. म्हणजे हे काम एका रात्रीत होत नाही, हे मोठ्या बँकेलाही मान्य करावं लागलं.

जुन्याला धरून राहण्यात आणखी एक धोका आहे. त्यात कुणी चोर नसतो! ७ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उड्डाणं थांबवावी लागली. वैमानिकांना हवामानाची माहिती पुरवणारी एक यंत्रणा बंद पडली होती. ती चालत होती विंडोज ३.१ वर, म्हणजे १९९२ सालच्या विंडोजवर! अशा यंत्रणा दुरुस्त करू शकणारी माणसंही मग हळूहळू दुर्मीळ होतात. ठिगळ येणं आधी थांबतं, आणि पुढं ठिगळ लावणारा शिंपीही सापडत नाही.

आता पाळी विंडोज १० ची

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे एक्सपीसारखीच लाडकी झालेली विंडोज १०. ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा सपोर्ट संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं देण्याची वाढीव मुदत जाहीर केली.

मग सरळ विंडोज ११ का घालू नये? घालावीच, पण प्रत्येक संगणकाला ती चालत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, निदान ४ जीबी रॅम लागते, आणि साधारण २०१८ च्या आधीचे बरेच प्रोसेसर तिच्या यादीतच नाहीत. म्हणजे संगणक ठणठणीत आहे, पण नव्या शाळेत त्याला प्रवेश नाही! नवा संगणक घ्यायचा तर तीस-चाळीस हजार कुठून आणायचे? आणि चालता संगणक फेकला तर त्याचा कचरा कुठं जाणार? हे प्रश्न खरे आहेत. पण "फुलीवर टिचकी मारायची आणि विसरायचं" हे त्यांचं उत्तर नव्हे.

दुसरी वाट आहे लिनक्सची. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. तिचे उबुंटू, मिंट असे अनेक प्रकार फुकट मिळतात आणि जुन्या संगणकावरही चालतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं ठिगळं मिळतात. मराठी टायपिंग, चित्रकला, हिशेब, इंटरनेट सगळं होतं. केरळातल्या शाळांत मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. हां, विंडोजसाठीचे सगळे गेम आणि आज्ञावल्या तिच्यावर चालतीलच असं नाही. पण गंमत अशी, की पेन ड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून बघता येते. आवडली तर ठेवा, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घ्या.

करून पाहा

या रविवारी आईबाबांना शेजारी बसवा आणि घरातल्या यंत्रांची 'हजेरी' घ्या.

१. संगणकावर विंडोजची खूण असलेली कळ आणि 'आर' एकदम दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत 'विनव्हर' (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) टाइप करून एंटर दाबा. तुमची विंडोज कुठली ते कळेल. वहीत लिहून ठेवा.

२. घरातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख शोधा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि त्याच फोनवरून वीजबिल, बँक, यूपीआय चालत असेल, तर हजेरीवहीत लाल खूण करा. संगणकापेक्षा ही खूण जास्त महत्त्वाची!

३. अपडेट आलेलं असेल तर आजच लावून टाका. जेवायला बसायच्या वेळी सुरू केलं की जेवण होईपर्यंत होतं.

४. सिस्टीम बदलण्याआधी फोटो, निबंध, कागदपत्रं दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करायचं, बरं का!

५. बदलणं जमतच नसेल, तर जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढा, वाय-फाय बंद करा. टायपिंग, चित्रं, जुने गेम, टंकलेखनाचा सराव यासाठी तो अजून कितीतरी वर्षं सोबत करील. दाराशी कुणी येऊच शकत नसेल तर खिडकीची कडी तुटकी असली तरी बरंच निभावतं. मात्र कुणाचाही पेन ड्राइव्ह आणून त्याला लावू नका, कारण किडा त्यातूनही येतो. आधी तो सपोर्ट असलेल्या दुसऱ्या संगणकावर तपासून घ्या.

आईबाबांसाठी दोन शब्द

जुन्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार नकोत. अँटिव्हायरस टाकला म्हणजे झालं, असंही समजू नका. भोक सिस्टीमच्या भिंतीत असेल तर दारावरचा पहारेकरी किती पुरा पडणार? स्वस्तात मिळणारी नकली विंडोजही नको, कारण तिच्यात आधीच कुणी काय दडवलंय ते कळत नाही.

आणि "तुमची विंडोज संपली आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा," अशी चौकट आली किंवा कुणी स्वतःहून "मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" म्हणाला, तर फोन ठेवून द्या. ठिगळं अशी फोनवरून विकली जात नाहीत. सपोर्ट संपल्याची बातमी पसरली की असे भामटेही बाहेर पडतात. मुलांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी घरी फोन उचलणारी बऱ्याचदा तीच असतात.

डोकं चालवा

एक्सपी आणि विंडोज १० या दोघींच्या जन्माची आणि सपोर्ट संपल्याची तारीख वर दिलेली आहे. वाढीव मुदत सोडून सांगा, कुणाची राखण जास्त काळ झाली? वर्षं, महिने आणि दिवसांत उत्तर काढा. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही!

(उत्तर : एक्सपी १२ वर्षं ५ महिने १४ दिवस, विंडोज १० ची १० वर्षं २ महिने १५ दिवस. म्हणजे एक्सपीच पुढे!)

हजेरीत तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं यंत्र कुठलं निघालं, आणि त्याचं तुम्ही काय करायचं ठरवलंत, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या वेळी पेन ड्राइव्हच्या पोटात काय असतं ते उघडून बघू या. तोवर अच्छा!